गुरुवारचा साठा अहवाल: नैसर्गिक वायूच्या मंदीची चाहूल तो किती देतो?

नैसर्गिक वायूचा भाव खाली येईल का, आणि येणार असेल तर कशामुळे, या प्रश्नावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण त्यातील बहुतेकांचे स्वतःचे काही ना काही त्या भावात गुंतलेले असते. उत्पादक कंपन्यांना भाव वर जाताना दिसतो, मोठ्या ग्राहकांना तो खाली येताना दिसतो, आणि दलालांना तो हलता राहिला म्हणजे पुरते. अशा गर्दीत अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाचा, म्हणजे ईआयएचा, साप्ताहिक नैसर्गिक वायू साठा अहवाल वेगळा उठून दिसतो. तो विनामूल्य आहे, ठरलेल्या वेळी येतो आणि कोणालाही काही विकू पाहत नाही. या परीक्षणात मी तो एकाच कसोटीवर तपासला आहे: भाव खाली ओढणारे घटक तो सामान्य वाचकाला वेळेत आणि स्पष्टपणे दाखवतो का?

प्रथम अहवालाचे स्वरूप. ईआयए ही १९७७ मध्ये स्थापन झालेली, अमेरिकेच्या ऊर्जा विभागातील सांख्यिकी संस्था आहे, आणि तिच्या आकड्यांना सरकारातील अन्य कोणाची मंजुरी लागू नये अशी तरतूद कायद्यातच आहे. जमिनीखालील साठवण केंद्रे चालवणाऱ्या कंपन्यांकडून ती दर आठवड्याला माहिती मागवते आणि आदल्या शुक्रवारपर्यंतचा साठा पुढच्या गुरुवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वेळेनुसार सकाळी साडेदहा वाजता जाहीर करते. २००२ पूर्वी हे सर्वेक्षण अमेरिकन गॅस असोसिएशन ही उद्योगसंघटना करत असे. ते सरकारी सांख्यिकी संस्थेकडे गेल्यामुळे त्याची विश्वासार्हता वाढली, असे मला वाटते. संपूर्ण अहवाल एका पानात मावतो. त्यात एक तक्ता, एक आलेख आणि तीन-चार वाक्यांचा सारांश असतो. तक्त्यात देशाचे पाच विभाग, प्रत्येकाचा साठा अब्ज घनफुटांत, आठवड्यात झालेला बदल, गेल्या वर्षी याच सुमाराचा साठा आणि पाच वर्षांची सरासरी दिलेली असते.

हे एवढेसे पान इतके महत्त्वाचे का ठरते, हे समजण्यासाठी या वस्तूचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. वायूची मागणी ऋतूंनुसार प्रचंड बदलते, पण विहिरी वर्षभर जवळपास एकाच गतीने वाहत राहतात. म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात शिल्लक वायू जमिनीखाली भरला जातो आणि नोव्हेंबर ते मार्च या काळात तो उपसला जातो. पुरवठा आणि मागणी यांत आठवडाभरात जी तफावत पडते, ती अखेर साठ्यातच उमटते. उत्पादन वाढले, हिवाळा सौम्य गेला, एखादे निर्यात केंद्र बंद पडले किंवा वाऱ्याने भरपूर वीज दिली, यांपैकी काहीही घडले तरी त्याचा परिणाम त्याच एका आकड्यात मिसळून येतो. हीच या अहवालाची सर्वात मोठी ताकद आहे आणि हीच त्याची सर्वात मोठी मर्यादाही आहे. पासबुकात शिल्लक दिसते. पगार वाढला की खर्च आटला, हे मात्र आपले आपल्याला शोधावे लागते.

ताकदीचे सर्वात चांगले उदाहरण २०२३-२४ च्या हिवाळ्याने दिले. तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील नोंदींमधला सर्वात उबदार हिवाळा ठरला. घरे तापवण्यासाठी लागणारा वायू कमी लागला, तर उत्पादन मात्र दररोज १०० अब्ज घनफुटांच्या वरच होते. अहवालातील आलेखावर गेल्या पाच वर्षांतील किमान आणि कमाल साठ्याचा एक छायांकित पट्टा असतो. चालू वर्षाची रेषा त्या पट्ट्यात कोठे आहे हे पाहणे, हा या अहवालाचा सर्वात सोपा आणि सर्वात उपयुक्त वापर आहे. त्या हिवाळ्यात ती रेषा आठवड्यामागून आठवडे वर सरकत गेली आणि मार्च २०२४ अखेर साठा २,२०० अब्ज घनफुटांच्या वर, म्हणजे पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ३९ टक्क्यांनी अधिक होता. लुईझियानातील हेन्री हब येथे, जेथील भाव अमेरिकेत प्रमाण मानला जातो, मार्चची सरासरी दर दहा लाख बीटीयूला (बीटीयू हे उष्णतेचे एकक) १.४९ डॉलरपर्यंत उतरली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हीच सरासरी ८.८१ डॉलर होती. ज्याने त्या हिवाळ्यात दर गुरुवारी केवळ सरासरीपासूनचे अंतर टिपून ठेवले असेल, त्याला या घसरणीचे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण अहवाल ती सांगत नाही. भाव हलतो तो साठा वाढला किंवा घटला म्हणून नव्हे. बाजाराने जेवढा बदल गृहीत धरला होता त्यापेक्षा तो वेगळा निघाला म्हणून. समजा, उन्हाळ्यातील एखाद्या आठवड्यात ८० अब्ज घनफूट भरणा होईल असा विश्लेषकांचा अंदाज होता आणि प्रत्यक्षात ९५ झाला, तर एकूण साठा सरासरीच्या खाली असला तरीही त्या दिवशी भाव उतरण्याची शक्यता अधिक. हे पंधरा अब्ज म्हणजे दिवसाला सुमारे दोन अब्ज घनफुटांचा असा ढिलेपणा, जो कोणाच्या हिशेबात नव्हता. नवख्या वाचकाची येथेच दिशाभूल होते: सारांशात 'साठा सरासरीपेक्षा कमी' असे वाचून तो तेजीची अपेक्षा धरतो आणि भाव नेमका उलट जातो. बाजाराचा अंदाज ईआयए छापत नाही. सरकारी संस्थेने तो छापू नये हेही योग्यच आहे. पण मग वृत्तसंस्थांनी गोळा केलेला अंदाज आपण आधी पाहून ठेवायला हवा, अन्यथा साडेदहाच्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

मर्यादेचे उदाहरण म्हणून फ्रीपोर्टची घटना पाहावी. टेक्सासच्या किनाऱ्यावरील या द्रवीकरण केंद्राला ८ जून २०२२ रोजी आग लागली. हे केंद्र दिवसाला सुमारे दोन अब्ज घनफूट वायू खेचून जहाजांतून परदेशी पाठवत असे. ते काही महिने बंद राहणार हे १४ जूनला स्पष्ट होताच अमेरिकी वायदे एका दिवसात सुमारे १६ टक्के कोसळले, आणि त्याच वेळी युरोपातील भाव चढले, कारण एकाच्या हाती राहिलेला वायू दुसऱ्याच्या हाती पोचायचा होता. निर्यात थांबल्याने उत्पादक देशात स्वस्ताई आणि आयातदार प्रदेशात महागाई, हा नियम त्या दिवशी अगदी उघडपणे दिसला. पण गुरुवारच्या अहवालात याचे प्रतिबिंब पडायला आठवडे लागले. दिवसाला दोन अब्ज म्हणजे आठवड्याला चौदा अब्ज, आणि भरण्याचा २१४ दिवसांचा संपूर्ण हंगाम धरला तर ४२८ अब्ज घनफूट. हा हिशेब बाजाराने पहिल्या दिवशीच मांडून टाकला होता. म्हणजे अचानक घडलेल्या घटनेसाठी हा अहवाल उपयोगाचा नाही. हळूहळू साचत जाणाऱ्या आधिक्यासाठी मात्र त्याला तोड नाही.

हे साचत जाणारे आधिक्य कोठून येते, हा या विषयाचा गाभा आहे, आणि तेथे अहवालाचे विभागवार रकाने मदतीला येतात. विशेषतः दक्षिण-मध्य विभाग, ज्यात टेक्सास आणि लुईझियाना येतात, तो लवणगुहा आणि इतर साठवण असा दोन भागांत दाखवलेला असतो. मिठाच्या थरांत कोरलेल्या गुहा झटपट भरता आणि उपसता येतात, वर्षातून अनेकदा. रिकाम्या झालेल्या जुन्या वायुक्षेत्रांतील साठवण मात्र संथ असते. त्यामुळे भर हिवाळ्यात लवणगुहांत उपशाऐवजी भरणा दिसला, तर पुरवठा मागणीच्या पुढे गेला आहे असे जवळपास खात्रीने म्हणता येते. माझ्या मते संपूर्ण तक्त्यात मंदीची सर्वात लवकर चाहूल देणारा रकाना हाच आहे, आणि बहुतेक बातम्यांमध्ये त्याचा उल्लेखही नसतो.

याच विभागाच्या पश्चिम टोकाला, पश्चिम टेक्सास आणि न्यू मेक्सिकोत, पर्मियन खोरे पसरले आहे. तेथे विहिरी खोदल्या जातात त्या तेलासाठी. वायू सोबत निघतो. तेलाचा भाव परवडत असेल तर वायूचा भाव कितीही पडला तरी त्या विहिरी बंद होत नाहीत. पश्चिम टेक्सासमधील वाहा केंद्रावर २०२४ मध्ये अनेक दिवस भाव शून्याच्याही खाली गेला, म्हणजे वायू घेऊन जाण्यासाठी विक्रेत्याने खरेदीदाराला पैसे मोजले, कारण बाहेर जाणाऱ्या वाहिन्या भरलेल्या होत्या. त्या वर्षाच्या शरद ऋतूत दिवसाला अडीच अब्ज घनफूट क्षमतेची मॅटरहॉर्न एक्सप्रेस वाहिनी सुरू झाल्यावर तो कोंडलेला वायू किनाऱ्याकडे वाहू लागला. नव्या वाहिनीमुळे कोंडलेल्या ठिकाणचा भाव सुधारतो आणि जेथे वायू पोचतो तेथील भावावर दबाव येतो. भाव खाली आणणाऱ्या घटकांची चर्चा करताना ही दुसरी बाजू फार वेळा सुटते. साठा अहवालात वाहा नाही, वाहिन्याही नाहीत. पण ईआयएचेच साप्ताहिक वायू वृत्त त्याच गुरुवारी निघते आणि त्यात विविध केंद्रांवरील भाव, विहिरी खोदणाऱ्या रिगची संख्या, वीजनिर्मितीतील वापर आणि आठवड्यात निघालेली एलएनजीची, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूची, जहाजे हे सर्व असते. साठा अहवाल वाचून थांबणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळते. ही दोन प्रकाशने एकत्र वाचावीत, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

वीजनिर्मितीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण अमेरिकेतील सुमारे ४० टक्के वीज आता वायूवर तयार होते आणि भावाची खालची आणि वरची दोन्ही बाजू तेथे ठरते. वारा, सौरऊर्जा, बॅटऱ्या, भरलेली धरणे, दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू झालेली अणुभट्टी, यांतील प्रत्येक गोष्ट वायूची मागणी कमी करते आणि भाव खाली ओढते. पण भाव पुरेसा पडला की वीजकंपन्या कोळसा बाजूला ठेवून वायू जाळू लागतात आणि घसरणीखाली एक आधार तयार होतो. २०१२ च्या वसंत ऋतूत, आणखी एका उबदार हिवाळ्यानंतर भाव दोन डॉलरच्या खाली गेला, तेव्हा हेच घडले. २०२४ मध्येही घडले. शिवाय मार्चमध्ये ईक्यूटी या मोठ्या उत्पादक कंपनीने दिवसाला सुमारे एक अब्ज घनफूट उत्पादन रोखत असल्याचे जाहीर केले. परिणाम असा की, मार्चअखेरचे ३९ टक्क्यांचे आधिक्य भरणा हंगाम संपेपर्यंत सुमारे ६ टक्क्यांवर आले. स्वस्ताई स्वतःच स्वतःला कशी आवरते, हे पाहायचे असेल तर त्या सात महिन्यांचे अहवाल ओळीने उघडून पाहावेत. जुने सर्व आकडे संकेतस्थळावर विनाशुल्क उतरवून घेता येतात, ही या सेवेची आणखी एक मोठी जमेची बाजू.

पाच वर्षांच्या सरासरीवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. ही सरासरी सरकती असते. त्यात एक-दोन भरघोस साठ्याची वर्षे आली की ती स्वतःच वर जाते आणि मग साधारण साठाही तुटपुंजा दिसू लागतो. शिवाय मागणीचे आकारमानही बदललेले असते: ज्या देशाची एलएनजी निर्यात २०१६ च्या सुरुवातीपर्यंत नगण्य होती, तो २०२३ मध्ये दिवसाला सुमारे १२ अब्ज घनफूट निर्यात करून जगात पहिला झाला. तेवढाच साठा आता कमी दिवस पुरतो. साठा दिवसांच्या हिशेबात दाखवणारा एक रकाना अहवालात असता तर ही अडचण बरीच दूर झाली असती.

'निव्वळ बदल' आणि 'सूचित प्रवाह' या दोन रकान्यांतील फरकही समजून घ्यावा. जमिनीखाली दाब टिकवण्यासाठी कायम ठेवावा लागणारा वायू हा आधारभूत साठा. वर-खाली होतो तो कार्यकारी साठा, आणि अहवाल केवळ त्याचाच असतो. एखादी कंपनी कार्यकारी वायूची नोंद आधारभूत साठ्यात हलवते तेव्हा आकडा घटतो, पण वायू कोठेही गेलेला नसतो. जून २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात अशी ५१ अब्ज घनफुटांची फेरनोंद झाली. त्या आठवड्यात निव्वळ बदल वाचणाऱ्याला भरणा फारच कमी वाटला असता. सूचित प्रवाह, म्हणजे अशा फेरनोंदी वगळून प्रत्यक्ष आत-बाहेर गेलेला वायू, पाहणाऱ्याला खरे चित्र दिसले. ईआयए हे सारे टीपेत स्पष्ट लिहिते आणि नमुना सर्वेक्षणातील संभाव्य त्रुटीचे मापही देते. इतका प्रामाणिकपणा खासगी अहवालांत क्वचितच आढळतो, आणि मला या प्रकाशनाबद्दल जो आदर आहे त्याचे हे एक मुख्य कारण आहे.

भविष्याकडे पाहायचे असेल तर ईआयएचाच मासिक अल्पकालीन ऊर्जा अंदाज वाचावा लागतो, आणि तेथे माझे मत अधिक सावध आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्या अंदाजाने वर्षाची हेन्री हब सरासरी पाच डॉलरच्या जवळपास धरली होती. प्रत्यक्षात ती अडीच डॉलरच्या आसपास राहिली. तोच जानेवारी अनपेक्षितपणे उबदार निघाला, फ्रीपोर्ट फेब्रुवारीपर्यंत बंद होते आणि उत्पादन वाढतच गेले: भाव खाली ढकलणारे तीन घटक एकाच वेळी एकाच दिशेने लागले. यात संस्थेची हेळसांड झाली असे मी म्हणणार नाही, कारण काही आठवड्यांपलीकडचे हवामान कोणालाच सांगता येत नाही. पण म्हणूनच त्या अंदाजातील भावाच्या एका आकड्यापेक्षा त्यामागची गृहीतके, म्हणजे उत्पादन किती, निर्यात किती, हंगामाअखेर साठा किती, ही वाचावीत आणि दर गुरुवारच्या आकड्याने ती तपासत राहावे. हंगामाअखेरचा साठा चार हजार अब्ज घनफुटांकडे झुकू लागला की भाव कमजोर राहण्याकडे कल असतो. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये तो ४,०४७ अब्जांच्या उच्चांकाला पोचला होता, आणि साठवण भरत आली की शिल्लक वायूला जाण्यासाठी जागा उरत नाही.

तुलनेसाठी युरोपची साठा नोंदवही पाहिली. गॅस इन्फ्रास्ट्रक्चर युरोप ही संस्था देशवार आणि केंद्रवार साठा रोजच्या रोज, टक्केवारीसह, विनामूल्य प्रसिद्ध करते. ताजेपणात ती अमेरिकी अहवालाच्या पुढे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये डच बाजारात भाव दर मेगावॅट-तासाला ३०० युरोच्या वर गेला होता. नंतरचा हिवाळा सौम्य गेला, उद्योगांनी आणि घरांनी वापर कमी केला, एलएनजीची आवक वाढली, आणि मार्च २०२३ अखेर साठवण निम्म्याहून अधिक भरलेली राहिली. तोपर्यंत भाव ५० युरोच्या खाली आला होता. रोजच्या नोंदवहीत ही वाटचाल दिवसागणिक दिसली. तरीही मांडणीच्या बाबतीत अमेरिकी पान सरस आहे: सरासरी, गतवर्ष आणि पाच वर्षांचा पट्टा एका नजरेत मावतो, आणि आकडा सर्वांना एकाच क्षणी मिळतो.

काही उणिवा मात्र दूर करण्याजोग्या आहेत. हवामानाचा परिणाम वजा करून उरणारा बदल अहवालात नसतो, त्यामुळे आठवड्याचा मोठा उपसा थंडीमुळे झाला की मूळ मागणीच वाढली, हे वाचकाला वेगळे काढता येत नाही. जानेवारी २०१८ मधील एका आठवड्यात ३५९ अब्ज घनफुटांचा, तोपर्यंतचा विक्रमी, उपसा झाला, पण तो थंडीच्या तीव्र लाटेचा परिणाम होता. उत्पादन जोमात वाढत होते आणि फेब्रुवारी संपेपर्यंत भाव पुन्हा तीन डॉलरच्या खाली आला होता. संस्थेकडे तापमान आणि वापर या दोहोंचे आकडे आधीपासून आहेत. त्यांची सांगड घालून एकच जादा रकाना दिला, तर जो वाचक महागडी खासगी सेवा घेऊ शकत नाही, त्यालाही क्षणिक थंडी आणि टिकाऊ मंदी यांतील फरक त्याच गुरुवारी ओळखता येईल.